जुन्या पिकअपचं इंजिन गरम होतंय? गाडी ‘कधी’ तापते यावरून बिघाड ओळखा

मी इथे नेहमी फोन, ॲप आणि चार्जर यांच्याबद्दल लिहितो. आजचा विषय थोडा वेगळा आहे, पण तुमच्यापैकी अनेकांच्या घरचा आहे. मी पनवेलचा. आमच्याकडे दर चार-पाच घरांमागे एखादी जुनी पिकअप उभी दिसते. वडिलांची, काकांची, नाहीतर मित्राने जुन्या बाजारातून उचललेली. भाजी, सळया, फर्निचर, मंडपाचं सामान, सगळं त्याच गाडीवर चालतं. गाडी बंद म्हणजे त्या दिवसाचं भाडं बुडालं. आणि इंजिन तापलेलं असताना तशीच पुढे रेटली, तर फक्त भाडं नाही, इंजिनचं हेडही जातं.

गाडी तापली की पहिला सल्ला ठरलेला असतो: “रेडिएटर बदल.” कधी कधी तो बरोबरही निघतो. पण गाडी तापण्याची कारणं डझनभर आहेत आणि प्रत्येकाची तापण्याची वेळ वेगळी असते. एक गाडी फक्त चढावर तापते, दुसरी फक्त ट्रॅफिकमध्ये, तिसरी स्टार्ट केल्यावर दहा मिनिटांत. ही वेळ नीट लक्षात ठेवली तर अर्धा बिघाड तिथेच सापडतो आणि नको त्या पार्टवर पैसे जात नाहीत. या लेखात आपण तेच बघणार आहोत. फोनचा यात कुठे उपयोग होतो आणि कुठे होत नाही, तेही सांगतो.

काटा लाल पट्ट्याकडे निघाला, तर आधी हे करा

बाकी लेख सवडीने वाचा, पण हा भाग आत्ताच वाचून ठेवा.

१. एसी असेल तर लगेच बंद करा. गाडीत हीटर असेल तर तो पूर्ण गरमवर करून ब्लोअर जोरात सोडा. हीटरच्या आत एक छोटा रेडिएटरच असतो, तो इंजिनची थोडी उष्णता बाहेर काढतो. केबिनमध्ये घाम फुटेल, पण इंजिनला तेवढाच आधार मिळतो.

२. हॅझर्ड लाइट लावा, ॲक्सिलरेटर हलका करा आणि डावीकडे सुरक्षित जागा बघून थांबा. घाटात वळणावर थांबू नका. उतारावर किंवा चढावर हँडब्रेक ओढा, चाकाला दगड लावा आणि निघताना तो दगड रस्त्यावरून आठवणीने काढा.

३. वाफ येत असेल, खाली पाणी सांडत असेल, बेल्ट तुटला असेल किंवा ऑइलचा दिवा लागला असेल तर इंजिन तिथल्या तिथे बंद करा. यातलं काहीच नसेल आणि काटा नुसता वर चढला असेल, तर गाडी न्यूट्रलमध्ये एक-दोन मिनिटं चालू ठेवून बघा. काटा खाली येऊ लागला तर ठीक. नाही आला तर बंद करा.

४. रेडिएटरचं झाकण उघडू नका. फडक्याने धरूनही नाही. आतलं पाणी दाबाखाली असल्यामुळे १०० अंशांच्या वर जाऊनही उकळत नाही. झाकण सैल झालं की दाब जातो, त्या क्षणी पाण्याची वाफ होते आणि उकळतं पाणी कारंज्यासारखं तोंडावर, छातीवर येतं. या एका घाईने माणसं कायमची भाजली आहेत.

५. कमीत कमी ३० ते ४५ मिनिटं थांबा. बोनेट उघडताना वाफ दिसली तर आधी ती ओसरू द्या. इंजिनवर बाहेरून गार पाणी ओतू नका. तापलेल्या लोखंडावर आणि ॲल्युमिनियमवर अचानक गार पाणी पडलं की हेडला तडा जाऊ शकतो.

६. रेडिएटरचा वरचा होज पाइप हाताला गार आणि दाबल्यावर मऊ लागला, की मगच झाकणाला जाड फडकं लावून ते हळूहळू सोडवा. इंजिन चालू करून थोडं थोडं पाणी घाला, एकदम बादली नाही.

पनवेलमधून गोव्याच्या दिशेने राष्ट्रीय महामार्ग ६६ वर असाल तर मदतीसाठी १०३३ हा नंबर आहे. द्रुतगती मार्गावर किंवा कुठेही अपघाताचा धोका वाटला तर ११२. दोन्ही नंबर आज फोनमध्ये सेव्ह करा. द्रुतगती मार्गावर थांबायची वेळ आली तर गाडीत बसून राहू नका, बाहेर पडून कठड्यापलीकडे सुरक्षित जागी उभे राहा.

इंजिन थंड कसं राहतं, थोडक्यात

फोन तापला की तो स्वतःच वेग कमी करतो, स्क्रीन मंद करतो, चार्जिंग थांबवतो. जुन्या, मेकॅनिकल पंपाच्या डिझेल इंजिनाला अशी अक्कल नसते. तुम्ही पाय दाबाल तेवढं ते डिझेल जाळणार, मग आत काहीही होवो. त्यामुळे ही अक्कल ड्रायव्हरकडे असावी लागते.

डिझेल जळून जी ऊर्जा निघते, तिच्यातला ढोबळमानाने एक तृतीयांश भाग गाडी ओढायला लागतो. एक तृतीयांश सायलेन्सरमधून गरम धूर होऊन जातो. उरलेल्यातला मोठा वाटा इंजिनच्या पाण्यात उतरतो. हे पाणी वॉटर पंप फिरवतो. आपल्याकडचे मिस्त्री त्यालाच ‘वॉटर बॉडी’ म्हणतात. इंजिनभोवती फिरून गरम झालेलं पाणी रेडिएटरमध्ये येतं, बारीक नळ्यांतून खाली उतरतं, जाळीतून जाणारी हवा त्याला थंड करते आणि ते परत इंजिनात जातं. मध्ये थर्मोस्टॅट नावाचा दरवाजा असतो. इंजिन गार असताना तो बंद राहतो आणि पाणी साधारण ८० ते ९० अंशांपर्यंत तापलं की उघडतो.

आता एक छोटासा हिशोब. माल धरून तीन टन वजनाची पिकअप खोपोलीहून लोणावळ्याला चढते तेव्हा ती सुमारे साडेपाचशे मीटर उंची गाठते. फक्त तेवढं वजन वर उचलायला सुमारे १६ मेगाजूल ऊर्जा लागते. वरच्या हिशोबाने जवळजवळ तेवढीच उष्णता पाण्यात उतरते. १० लिटर पाणी ३० अंशांवरून १०० अंशांवर न्यायला लागतात सुमारे ३ मेगाजूल. म्हणजे एका घाटात रेडिएटरने जितकी उष्णता बाहेर फेकायची असते, तेवढ्यात तेच पाणी पाच वेळा उकळलं असतं. सपाट रस्त्यावर महिनोन्‌महिने लपलेला बिघाड घाटात दहा मिनिटांत का उघडा पडतो, ते यावरून कळेल.

पनवेलच्या गाड्यांची तीन ठिकाणी परीक्षा होते

पनवेलहून पुण्याला जाणाऱ्या गाडीला तीन वेगळ्या परिस्थिती लागोपाठ मिळतात. आधी कळंबोलीचा ट्रॅफिक, जिथे गाडी उभी असते आणि इंजिन चालू असतं. मग खालापूरपर्यंतचा सरळ रस्ता, जिथे गाडी वेगात असते आणि समोरून भरपूर हवा लागते. मग बोरघाट, जिथे वेग कमी, लोड जास्त आणि इंजिन जोरात. काटा या तिन्हींपैकी कुठे हलतो, हेच आपल्याला बघायचं आहे.

१. ट्रॅफिकमध्ये तापते, मोकळ्या रस्त्यावर ठीक चालते

संशय फॅनवर. गाडी धावत असते तेव्हा समोरची हवाच रेडिएटर थंड करते, फॅन नसला तरी चालून जातं. गाडी उभी राहिली की सगळा भार फॅनवर येतो.

जुन्या पिकअपमध्ये बहुतेक वेळा बेल्टवर फिरणारा फॅन असतो आणि त्याच्या मधोमध व्हिस्कस कपलिंग असतं. गोल डबीसारखा भाग, आत सिलिकॉन ऑइल. हवा गरम झाली की समोरची पट्टी किंवा स्प्रिंग वाकते, ऑइल आत सरकतं आणि फॅन घट्ट पकडला जातो. हे ऑइल गळून गेलं की फॅन फिरताना दिसतो, पण त्यात जोर नसतो. लांबून बघणाऱ्याला वाटतं, फॅन तर चालू आहे!

तपासणी: गाडी चालवून आणा, इंजिन बंद करा, चावी काढून खिशात ठेवा आणि फॅन हाताने फिरवून बघा. थोडा जड लागला पाहिजे. पंख्यासारखा दोन-तीन फेरे मोकळा फिरला तर कपलिंग गेलं. डबीभोवती तेलकट काळे ओघळ दिसले तरी तेच. इंजिन चालू असताना फॅनजवळ हात नेऊ नका. तुमच्या गाडीत इलेक्ट्रिक फॅन असेल तर इंजिन बंद असतानाही तो अचानक सुरू होऊ शकतो, त्यामुळे हात लावण्याआधी बॅटरीची तार काढा.

२. मोकळ्या रस्त्यावर वेगात तापते, उभी असताना ठीक

हे वरच्याच्या उलट. इथे हवा भरपूर मिळते आहे, म्हणजे पाणी पुरेसं फिरत नाही किंवा हवा जाळीतून पलीकडे जात नाही. रेडिएटरच्या नळ्या आतून क्षाराने भरल्या असतील, जाळी बाहेरून मातीने बुजली असेल, किंवा खालचा होज पाइप मऊ पडला असेल. खालच्या पाइपातून वॉटर पंप पाणी ओढतो. पाइप जुना झाला की वेगात तो आत दबतो, अगदी रिकाम्या होत आलेल्या पाणीपिशवीसारखा. गाडी थांबवून बोनेट उघडेपर्यंत तो परत फुगलेला असतो, म्हणून हा चोर सहज सापडत नाही.

तपासणी: गाडी उभी असताना एकाने हळूहळू रेस वाढवायची, दुसऱ्याने बेल्ट आणि फॅनपासून लांब उभं राहून फोनवर खालच्या पाइपाचा व्हिडिओ घ्यायचा. पाइप चपटा होताना दिसला तर बदला.

३. फक्त चढावर आणि लोडवर तापते

हा सगळ्यात अवघड प्रकार, कारण इथे दोन-तीन अर्धवट बिघाड मिळून काम करतात. रेडिएटर थोडा भरलेला, फॅन थोडा ढिला, कुलंट थोडं कमी, असं सगळं थोडं थोडं. शिवाय ज्या गोष्टींचा थंड करण्याशी संबंध नाही, त्याही बघाव्या लागतात. ब्रेक चिकटून राहतो का? क्लच घसरतो का? टायरमध्ये हवा कमी आहे का? आणि सरळ सांगायचं तर, माल किती भरलाय? पासिंगपेक्षा जास्त लोड घेऊन घाट चढायचा आणि रेडिएटरला शिव्या द्यायच्या, यात रेडिएटरची चूक नाही.

आमच्या काकांच्या पिकअपची गोष्ट याच प्रकारातली. गाडी बोरघाटात तापायची. एका गॅरेजने रेडिएटर बदलून दिला. पुढच्याच फेरीत काटा त्याच ठिकाणी, तितकाच वर. मग काकांनी आठ दिवस एकच काम केलं. काटा हलला की ठिकाण आणि वेळ मला व्हॉइस मेसेजवर सांगायचे, अर्थात गाडी थांबवल्यावर. आठ दिवसांत नोंद स्पष्ट झाली: घाटात तर तापतेच, पण कळंबोलीच्या ट्रॅफिकमध्येही काटा नेहमीपेक्षा दोन रेघा वर असतो. खालापूरपर्यंतच्या सरळ रस्त्यावर मात्र जागचा हलत नाही. म्हणजे हवा मिळाली की ठीक, फॅनवर आली की अडचण. फॅन हाताने फिरवला तर गरगर फिरला. कपलिंग बदललं आणि घाटातला त्रास थांबला. नवीन रेडिएटरचे पैसे गेले ते गेलेच. ही नोंद रेडिएटर बदलण्याआधी हातात असती तर ते वाचले असते.

४. स्टार्ट केल्यावर पाच-दहा मिनिटांतच तापते

थर्मोस्टॅट बंद अवस्थेत अडकला असण्याची शक्यता मोठी. पाणी इंजिनातच गोल फिरतं, रेडिएटरपर्यंत येतच नाही. खूण सोपी आहे: काटा वर गेलेला असताना वरचा होज तापलेला आणि खालचा जवळजवळ गार. वॉटर पंपाची आतली पाती झिजली असली तरी अशी लक्षणं दिसतात.

दुसरी शक्यता बेल्टची. अनेक जुन्या इंजिनांत वॉटर पंप आणि अल्टरनेटर एकाच बेल्टवर असतात. त्यामुळे काटा चढतोय आणि त्याच वेळी बॅटरीचा लाल दिवाही लागलाय, तर बेल्ट सैल झाला किंवा तुटला असं समजा आणि लगेच थांबा.

५. पाणी रोज कमी होतं, पण गळती दिसत नाही

रात्री गाडीखाली जुना पुठ्ठा किंवा वर्तमानपत्र टाका. सकाळी डाग दिसला तर तो कुठे पडलाय ते बघा. रेडिएटरच्या खाली, वॉटर पंपाच्या खाली की केबिनमध्ये हीटरच्या बाजूला? वॉटर पंपाला खाली एक बारीक भोक असतं. तिथून ओघळ आला की आतलं सील गेलं, पंप बदलायची वेळ झाली.

कुठेच डाग नाही तर पाणी इंजिनच पितंय का, ते बघावं लागेल. हेड आणि ब्लॉक यांच्यामधलं हेड गॅस्केट फाटलं की या खुणा दिसतात:

• गार इंजिन चालू करून रेडिएटरच्या तोंडात बघितलं तर बुडबुडे थांबतच नाहीत.
• सायलेन्सरमधून पांढरी वाफ येते, इंजिन पूर्ण गरम झाल्यावरही.
• ऑइलची डिपस्टिक किंवा ऑइलचं झाकण काढलं की आत दुधाळ चहासारखा फेस.
• गार इंजिन चालू केल्यावर एक-दोन मिनिटांतच वरचा होज दगडासारखा कडक.

यातल्या दोन खुणा जुळल्या तर गाडी चालवू नका, ओढून न्या.

६. काटा एक सांगतो, गाडी दुसरंच

कधी काटा लालमध्ये, पण ना वाफ, ना वास, होजही नेहमीसारखा. तेव्हा सेन्सर किंवा त्याची वायर खराब असू शकते. याच्या उलट परिस्थिती जास्त धोक्याची. पाणी खूप कमी झालं की सेन्सर पाण्याबाहेर उघडा पडतो आणि काटा खाली येतो, तर इंजिन आत भाजत असतं. चढलेला काटा चढावरच अचानक खाली आला तर “बरं झालं, उतरला” असं म्हणू नका. थांबा आणि बघा.

घरी करायची तपासणी: गार इंजिन, सकाळची वेळ

वरचे प्रकार ओळखता आले नाहीत तरी हा क्रम धरा. स्वस्त आणि सोप्या गोष्टी आधी, खर्चाच्या शेवटी.

१. पाण्याची पातळी. रेडिएटरमध्ये तोंडापर्यंत, बाटलीत दोन खुणांच्या मध्ये.

२. रेडिएटरचं झाकण. सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात दुर्लक्षित पार्ट. झाकणावर ०.९ किंवा १.१ असा आकडा असतो, तो बारमधला दाब. समुद्रसपाटीला साधं पाणी १०० अंशांना उकळतं, ०.९ बारच्या झाकणाखाली ते सुमारे ११९ अंशांपर्यंत तग धरतं. झाकणाचं रबर फाटलं की ही सगळी सवलत गेली. रबर कडक, चिरलेलं किंवा स्प्रिंग ढिली असेल तर त्याच आकड्याचं नवीन झाकण घ्या. गाडी गार झाल्यावर होज आत चपटे झालेले दिसले, तरी दोष बहुधा झाकणाच्या व्हॉल्वचा.

३. जाळी. बोनेट उघडून रेडिएटरच्या मागे टॉर्च धरा आणि पुढून बघा. उजेड आरपार दिसला पाहिजे. पनवेल-उरण पट्ट्यात दगडखाणींची धूळ, डंपरचा चिखल आणि खाडीची खारी हवा हे तिन्ही आहे. पावसाळ्यात उडालेला चिखल ऑक्टोबरच्या उन्हात वाळून जाळीत सिमेंटसारखा बसतो. साध्या नळाच्या पाण्याने, इंजिनच्या बाजूने बाहेर असं धुवा. वॉशिंग सेंटरचा जोराचा फवारा जवळून मारला तर पातळ पत्र्या वाकतात आणि हवा कायमची अडते.

४. बेल्ट. भेगा, चकाकी, सैलपणा.

५. होज. दाबून बघा. फुगवटा, चिकटपणा किंवा क्लिपजवळ पांढरी पूड दिसली तर तिथून पाणी जातंय.

६. फॅन. वर सांगितल्याप्रमाणे.

७. ऑइल. पातळी आणि रंग.

एवढं करायला अर्धा तास लागतो. थर्मोस्टॅट, वॉटर पंप, रेडिएटर आतून साफ करणं आणि हेड ही पुढची कामं मिस्त्रीची.

यात फोनचा काय उपयोग?

ओबीडी ॲप: अलीकडच्या, कॉमन रेल इंजिनाच्या पिकअपमध्ये डॅशबोर्डखाली १६ पिनांचा सॉकेट असतो. त्यात ब्लूटूथ ॲडॉप्टर लावला की ॲपमध्ये कुलंटचं तापमान थेट अंशांत दिसतं. काट्यापेक्षा हे कितीतरी चांगलं, कारण अनेक गाड्यांत काटा बराच वेळ मध्येच स्थिर राहतो आणि मग एकदम उडी मारतो. ॲपमध्ये १०५ अंशांवर अलार्म लावून ठेवा, म्हणजे चालवताना स्क्रीनकडे बघावं लागणार नाही. आयफोन असेल तर वाय-फाय किंवा ब्लूटूथ लो एनर्जीवर चालणारा ॲडॉप्टर घ्या, साधा ब्लूटूथवाला बहुधा जोडला जाणार नाही. गाडी बरेच दिवस उभी राहणार असेल तर ॲडॉप्टर काढून ठेवा, तो बॅटरी खात राहतो.

मेकॅनिकल पंपाच्या जुन्या गाड्यांत बहुतेक वेळा हा सॉकेटच नसतो. अशा गाडीत वेगळा टेंपरेचर मीटर आणि बझर बसवून घेणं हाच सरळ मार्ग.

‘थर्मामीटर’ ॲप: यावर पैसे आणि वेळ घालवू नका. बहुतेक फोनमध्ये बाहेरच्या वस्तूचं तापमान मोजणारा सेन्सर नसतो. अशी ॲप बॅटरीचं तापमान दाखवतात किंवा इंटरनेटवरून हवामान उचलतात. पिक्सेल ८ प्रोसारख्या मोजक्या फोनमध्ये खरा इन्फ्रारेड सेन्सर आहे, पण त्यासाठी फोन वस्तूच्या अगदी जवळ न्यावा लागतो आणि चालू इंजिनजवळ ते करायचं कारण नाही. त्यापेक्षा वेगळी इन्फ्रारेड गन घ्या. चकचकीत धातूवर ती चुकीचा, कमी आकडा दाखवते, म्हणून त्या जागी काळी टेप चिकटवून टेपवर मोजा.

कॅमेरा आणि नोंद: माझ्या मते फोनचा खरा उपयोग हाच. दर सोमवारी सकाळी पाण्याच्या बाटलीचा एक फोटो. तारीख आपोआप नोंदवली जाते. महिन्याभराने चार फोटो शेजारी ठेवले की पाणी कमी होतंय की नाही ते वाद न घालता कळतं. काटा हलला की गाडी थांबवून चार गोष्टी लिहा: ठिकाण, वेग, लोड, एसी चालू की बंद. ही नोंद घेऊन गॅरेजला गेलात तर बोलणं वेगळ्याच पातळीवर सुरू होतं.

गॅरेजमध्ये हे विचारा

• “पार्ट बदलण्याआधी प्रेशर टेस्ट कराल का?” हातपंपाने पाण्याच्या सिस्टीममध्ये दाब भरतात. दाब उतरला तर गळती आहे, आणि ती तिथेच दिसते.
• “थर्मोस्टॅट गरम पाण्यात टाकून दाखवा.” भांड्यात पाणी तापवलं की चांगला थर्मोस्टॅट डोळ्यांसमोर उघडतो. त्यावर अंशांचा आकडा छापलेला असतो.
• “हेड उतरवलं तर फेसिंगआधी तडा तपासणार का?” तापून वाकलेलं हेड मशीनवर सपाट करता येतं. पण तडा असेल तर फेसिंगचे पैसे वाया.
• “जुना पार्ट मला द्या.” हे भांडणासाठी नाही, समजून घेण्यासाठी.

नेहमी विचारले जाणारे प्रश्न

आपल्याकडे बर्फ पडत नाही, मग कुलंट कशाला? साधं पाणी चालत नाही का?
अडचणीत चालतं, रोजसाठी नाही. कुलंट गंज आणि क्षार रोखतं आणि उकळण्याचा अंशही वाढवतं. अर्धं कुलंट, अर्धं पाणी असं मिश्रण उघड्यावर सुमारे १०७ अंशांना उकळतं. बोअरच्या जड पाण्यातला क्षार नळ्यांत थर धरतो, अगदी किटलीच्या तळासारखा. मिसळायला डिस्टिल्ड वॉटर, म्हणजे बॅटरीत घालतो तेच पाणी वापरा. रंग सारखा दिसला म्हणून दोन कंपन्यांचं कुलंट मिसळू नका, रंगाचा असा काही ठरलेला नियम नाही. आणि कुलंट विषारी असतं, चवीला गोड लागतं. मुलांपासून, कुत्र्या-मांजरांपासून लांब ठेवा.

थर्मोस्टॅट काढूनच टाकला तर?
हा सल्ला तुम्हाला नक्की मिळेल. तसं केलं तर इंजिन नीट गरमच होत नाही, डिझेल जास्त जातं आणि झीज वाढते. काही इंजिनांत तर थर्मोस्टॅट नसला की बरंचसं पाणी रेडिएटर टाळून मधल्याच वाटेने परत जातं आणि लोडवर गाडी आणखी तापते. खराब असेल तर नवीन टाका.

रेडिएटर गळतोय, हळद टाकली तर थांबतं म्हणतात?
बारीक गळती थोडा वेळ थांबते, हे खरं. पण जो गाळ भोक बुजवतो तोच चांगल्या नळ्याही बुजवतो. गॅरेजपर्यंत पोहोचायचा उपाय म्हणून एक वेळ ठीक. नंतर सगळं धुऊन काढावंच लागतं.

एकदा जोरात तापली, पण आता नीट चालतेय. सोडून देऊ?
नको. पुढचे आठ दिवस रोज सकाळी पाणी आणि ऑइल बघा. गॅस्केट लगेच फाटत नाही, कमजोर होऊन नंतर जातं. पाणी थोडंसंही कमी होऊ लागलं तर घाटाचं भाडं घेण्याआधी प्रेशर टेस्ट करून घ्या.

घाटात गाडी तापू नये म्हणून चालवताना काय करायचं?
मोठ्या गिअरमध्ये इंजिन गुदमरवत ओढू नका. एक गिअर खाली घ्या. इंजिन मोकळं फिरलं की वॉटर पंप आणि फॅनही जोरात फिरतात. एसी बंद ठेवा. शक्य असेल तर मे महिन्यात भरलेली गाडी भर दुपारी नको, पहाटे काढा.

शेवटी लक्षात ठेवायची गोष्ट एकच. गाडी तापली की “काय बदलू?” हा प्रश्न दुसरा. पहिला प्रश्न: “कधी तापली?” उभी असताना, वेगात, चढावर की सुरू केल्या केल्या? घरात कोणी जुनी पिकअप चालवत असेल तर हा लेख त्यांना पाठवा. ते वाचणार नसतील तर निदान येत्या सोमवारी सकाळी पाण्याच्या बाटलीचा पहिला फोटो तुम्ही काढा.